भास्कराचार्यांची १७६६३१९०४९: बांधणी, अवयव आणि पडताळणीतले खड्डे

प्रश्न चाळीसगाव तालुक्यातल्या एका गणित शिक्षकांचा आहे. पाटणादेवीच्या सहलीआधी त्यांनी नववी-दहावीच्या मुलांना भास्कराचार्यांचं ६१ चं उदाहरण दाखवलं: कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो? उत्तरातली १७६६३१९०४९ ही संख्या फळ्यावर आली आणि मुलांनी विचारायला सुरुवात केली: ही मूळ संख्या आहे का? नसेल तर अवयव कोणते, आणि ते हाताने काढता येतात का? ही दोन वर्गांची बेरीज आहे का? आणि एक्सेलमध्ये ताळा घेतला तर १ च्या जागी ० का येतो?

आधी उत्तर, मग कारणं. संख्या संयुक्त आहे:

१७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

चारही अवयव मूळ, चारही वेगळे. अवयव हाताने काढता येतात, एका तासिकेत. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येत नाही. एक्सेलचा शून्य ही एक्सेलच्या अंकमर्यादेची करामत आहे, भास्कराचार्य बरोबरच आहेत.

वाचताना घोळ नको म्हणून: एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. पुढे तिला नुसतं ‘स’ म्हणतो.

ती येते कुठून

असा वर्ग शोधायचा की त्याला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा. जुन्या परिभाषेत ही वर्गप्रकृती: ६१ ही प्रकृती, लहान वर्गमूळ कनिष्ठ (क), मोठं वर्गमूळ ज्येष्ठ (ज), आणि मिळवायची संख्या क्षेप.

ज² − ६१ क² = १

सगळ्यात लहान उत्तर ज = १७६६३१९०४९, क = २२६१५३९८०. उदाहरण ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाच्या ‘बीजगणित’ भागातलं आहे, ‘लीलावती’तलं नाही, शाळांच्या भित्तिपत्रकांवर ही गल्लत फार दिसते. दुसरी गल्लत शिलालेखाची. पाटणादेवीजवळच्या पाटणे गावातल्या शिलालेखात भास्कराचार्यांची वंशावळ आहे आणि त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, काळ इ. स. १२०७. त्यात ६१ चं गणित नाही. मुलं तिथे दगडावर संख्या शोधत बसतील, म्हणून आधीच सांगून ठेवा.

शेजारच्या संख्यांशी तुलना केली की ६१ किती आडमुठी आहे ते कळतं. ६० साठी ३१² − ६० × ४² = १. ६२ साठी ६३² − ६२ × ८² = १. मधल्या ६१ ला थेट दहा अंकी उत्तर लागतं. फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६५७ मध्ये आव्हान म्हणून नेमका ६१ हाच आकडा पुढे केला; भास्कराचार्यांनी तो ११५० मध्येच सोडवून ठेवला होता.

रावेर-यावलकडच्या मुलांना हे केळीच्या भाषेत सांगता येईल. एकसारखे ६१ चौरस मळे, प्रत्येकात जितक्या ओळी तितकीच ओळीतली खोडं. सगळी खोडं उपटून, वर एक जास्तीचं खोड घेऊन, एकच मोठा चौरस मळा लावायचा आणि एकही खोड उरता कामा नये. पाच बाय पाच फुटांच्या, म्हणजे साधारण दीड मीटरच्या लागवडीत सगळ्यात लहान मळ्याची एक बाजूच ३ लाख ३९ हजार किलोमीटर भरते. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजारांवर आहे. ठिबकची नळी मागवायच्या आधी विचार करा!

बांधणी: चार पायऱ्या

ही पायरी गाळू नका. पुढे अवयव काढताना हीच कामाला येते.

त्रिकूट (ज, क, क्षेप) असं लिहू. ८² − ६१ × १² = ३, म्हणून सुरुवात (८, १, ३).

चक्रवाल ही एका त्रिकुटातून पुढचं त्रिकूट काढत जाण्याची रीत. तिची एक फेरी: असा म घ्या की ८ + १ × म ला ३ ने भाग जाईल आणि म² हा ६१ च्या जवळ असेल. म = ७ चालतो. नवा ज = (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ३९, नवा क = (८ + ७) ÷ ३ = ५, नवा क्षेप = (४९ − ६१) ÷ ३ = −४. ताळा: १५२१ − १५२५ = −४.

क्षेप −४ आला की ब्रह्मगुप्तांची युक्ती वापरायची (ती इ. स. ६२८ ची). दोन्ही मुळं निम्मी करा: (३९/२, ५/२, −१). आता भावना, म्हणजे दोन त्रिकुटांचा गुणाकार: (अ, ब) आणि (च, छ) मिळून (अच + ६१बछ, अछ + बच), क्षेपांचा गुणाकार.

स्वतःशीच भावना: (१५२३/२, १९५/२, १).
त्यात पुन्हा (३९/२, ५/२, −१) मिसळा: (२९७१८, ३८०५, −१). अपूर्णांक इथे आपोआप गळतात.
याची स्वतःशी भावना: (१७६६३१९०४९, २२६१५३९८०, १).

मुलं इथे एकच चूक करतात: निम्मं केल्यावर क्षेप −४ चा −२ करतात. मुळं निम्मी झाली की वर्ग पाव होतो, म्हणून −१. ही चूक झाली की पुढची प्रत्येक ओळ बिघडते आणि ती सापडत नाही, कारण आकडे दिसायला ठीकच असतात. प्रत्येक ओळीनंतर ताळा घ्यायला लावा.

अवयव: नुसत्या बळाने आणि बांधणीतून

नुसत्या बळाने जायचं तर ‘स’चं वर्गमूळ ४२०२७ आणि ४२०२८ यांच्या मध्ये येतं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं म्हटलं तर वर्ष संपेल. पण वरच्या शेवटच्या पायरीतून दोन गोष्टी फुकट मिळतात:

स = २ × २९७१८² + १
स = १२२ × ३८०५² − १

पहिलीवरून स − १ = २³ × ३⁴ × १३² × १२७², दुसरीवरून स + १ = २ × ५² × ६१ × ७६१². लगतच्या दोन संख्यांना एकच मूळ संख्या भाग देत नाही, त्यामुळे २, ३, ५, १३, ६१, १२७, ७६१ या सातही जागीच बाद. शिवाय पहिलं रूप सांगतं की ‘स’ला भाग देणाऱ्या मूळ संख्येला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ३ च उरू शकते. म्हणजे ७, २३, २९, ३१, ३७, ४७, ५३ यांच्याकडे बघायचंही नाही.

चाळणी लावूनही काम बरंच उरतं. ११ ची कसोटी लगेच लागते: एकाआड एक अंक घेऊन ९ − ४ + ० − ९ + १ − ३ + ६ − ६ + ७ − १ = ०. भागाकार १६०५७४४५९. त्याला ५९ ने भागलं की २७२१६०१. पुढे बराच वेळ काहीच लागत नाही, आणि मुलं इथेच ‘उरलेली मूळ असणार’ म्हणून थांबतात. मूळ नाही. तिचा लहान अवयव १५२३ आहे, आणि तिथपर्यंत एकेक भागाकार करत चालायला कोणी तयार नसतं.

म्हणून बांधणीकडे परत या. मधल्या ओळीत १५२३/२ होतं आणि त्याचा क्षेप १ होता. क्षेप १ असलेलं एकच त्रिकूट तीन वेळा घेऊन त्यांची भावना केली (म्हणजे त्याचा घन केला) तर ज्येष्ठ होतो ज(४ज² − ३). ज = १५२३/२ ठेवा:

स = १५२३ × (१५२३² − ३) ÷ २ = १५२३ × (२३१९५२९ − ३) ÷ २ = १५२३ × ११५९७६३

एका ओळीत दहा अंकी संख्या फुटली. १५२३ मूळ आहे का, हे पाहायला ३७ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात, कारण ४१ चा वर्ग १६८१, म्हणजे पुढचाच. बाकी कुठेच शून्य येत नाही, म्हणून मूळ.

उरली ११५९७६३. ११ ने भाग जातो: १०५४३३. त्याला ५९ ने: १७८७. आणि १७८७ साठी ४१ पर्यंत पाहा, मूळच आहे. चाळणीत १७, १९, ४१, ४३ या चारच संख्या ५९ च्या आधी लागतात, त्यामुळे कष्ट नगण्य.

उलट ताळा: ११ × ५९ = ६४९; ६४९ × १५२३ = ९८८४२७; ९८८४२७ × १७८७ = १७६६३१९०४९. जाता जाता: ६४९ ही स्वतः प्रकृती १३ चं लहानात लहान ज्येष्ठमूळ आहे, ६४९² − १३ × १८०² = १. योगायोग म्हणून सोडून द्यायला हरकत नाही, पण हुशार मुलांना हे सांगितलं की ती वहीत गुंततात.

क चे अवयवही तयारच आहेत. (स − १)(स + १) = ६१क², म्हणून क = २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१.

वर्ग असल्याचा भास

शाळेतल्या वर्गाच्या सगळ्या कसोट्या ‘स’ उत्तीर्ण होते. शेवटी ४९ आहे. अंकांची बेरीज ४६, मग १०, मग १, म्हणजे ९ ने भागल्यावर बाकी १. ८ ने भागल्यावरही बाकी १. तरी ती वर्ग नाही: ४२०२७² = १७६६२६८७२९ आणि ४२०२८² = १७६६३५२७८४, ‘स’ मधेच आहे. याहून सोपं कारण ११ चं. ‘स’ला ११ ने भाग जातो, १२१ ने जात नाही; वर्गात मूळ अवयव जोडीनेच यावा लागतो. कसोट्या नापास करायला उपयोगी असतात, पास झाल्याचं प्रमाणपत्र देत नाहीत, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

दोन वर्गांच्या बेरजेतही असाच सापळा आहे. ‘स’ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून ‘लिहिता येईल’ असं उत्तर पटकन येतं. तो नियम मूळ संख्यांचा आहे. संयुक्त संख्येसाठी प्रत्येक अवयव पाहावा लागतो, आणि इथे चारही अवयव ४ ने भागल्यावर बाकी ३ देतात, प्रत्येक एकेकदाच. एक जरी असा अवयव विषम वेळा आला तरी दोन वर्ग जमत नाहीत. इथे तर चौघेही तसे.

पण ‘एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची दुप्पट’ हे रूप तिच्यासाठी अगदी घरचं आहे. चारही अवयव ८ ने भागल्यावर बाकी ३ देतात, आणि अशी मूळ संख्या या रूपात एकाच रीतीने लिहिता येते:

११ = ३² + २ × १²
५९ = ३² + २ × ५²
१५२३ = ३९² + २ × १²
१७८७ = २७² + २ × २३²

इथेही ब्रह्मगुप्तांची भावनाच चालते, फक्त ६१ च्या जागी −२ ठेवायचे. प्रत्येक जोडणीत अधिक-उणेचे दोन पर्याय, तीन जोडण्या, म्हणून ‘स’ लिहायच्या एकूण ८ रीती. एक आपल्याला ठाऊकच आहे: १² + २ × २९७१८². दुसरी काढून दाखवतो. ११ आणि ५९ मिळून ६४९ = १² + २ × १८². उरलेले दोन मिळून २७२१६०१ = १००७² + २ × ९२४². दोन्ही जोडा: २ × १८ × ९२४ − १००७ = ३२२५७ आणि ९२४ + १८ × १००७ = १९०५०. म्हणजे

स = ३२२५७² + २ × १९०५०² = १०४०५१४०४९ + ७२५८०५०००

बाकीच्या सहा रीती गृहपाठाला द्या. चिन्हं चुकली की बेरीज लगेच फसते, त्यामुळे वही तपासायला वेळ लागत नाही.

इतर मोजमापं, थोडक्यात

विभाजक १६: १, ११, ५९, ६४९, १५२३, १७८७, १६७५३, १९६५७, ८९८५७, १०५४३३, ९८८४२७, ११५९७६३, २७२१६०१, २९९३७६११, १६०५७४४५९ आणि स्वतः. त्यांची बेरीज १२ × ६० × १५२४ × १७८८ = १९६१९३६६४०. स्वतःला वगळलं तर १९५६१७५९१, म्हणजे ‘स’च्या नवव्या हिश्शाच्या आसपास, परिपूर्ण संख्येपासून ती फार दूर आहे. ‘स’शी सहमूळ असलेल्या तिच्यापेक्षा लहान संख्या १० × ५८ × १५२२ × १७८६ = १५७६६०९३६०.

१/स चा दशांश मांडला तर पहिल्या अंकापासूनच आवर्तन सुरू होतं, कारण २ किंवा ५ अवयवात नाहीत. आवर्तनाची लांबी प्रत्येक अवयवाची वेगळी काढून लसावि घ्यायचा: ११ ची २, ५९ ची ५८, १५२३ ची ७६१, १७८७ ची ८९३. लसावि ३,९४,१५,२३४. जवळपास चार कोटी अंकांनंतर तीच ओळ पुन्हा. घाईत या चारांचा थेट गुणाकार केला तर उत्तर दुप्पट येतं, कारण २ आणि ५८ मध्ये २ सामाईक आहे.

स/क ची किंमत √६१ शी म्हणजे ७.८१०२४९६७५९०६६५४३९… शी जुळते; फरक साधारण १.२५ भागिले १० चा अठरावा घात, इतका बारीक.

एक्सेलमधला शून्य

स² = ३११९८८२९८२८६०२६४४०१, एकोणीस अंकी. एक्सेल पंधरा सार्थ अंकच राखतं. ही संख्या खान्यात टाकली तर ३११९८८२९८२८६०२६०००० अशी दिसते. आतल्या साठवणीत या आकाराच्या दोन लगतच्या संख्यांमध्ये ५१२ चं अंतर असतं. स² आणि ६१क² यांच्यात फरक फक्त १ चा, त्यामुळे दोन्ही एकाच खुंटीला अडकतात आणि वजाबाकी ० येते. स्तंभाची रुंदी किंवा खान्याचं स्वरूप बदलून काही होत नाही.

उपाय दोन. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही लांब चालतात, तिथे थेट १ मिळतो. सी भाषेत लिहीत असाल तर ६४ बिटांचा पूर्णांक घ्या. ‘स’ स्वतः ३२ बिटांत बसते, तिची दुप्पट चिन्हासहित ३२ बिटांत बसत नाही. स² मात्र ६४ बिटांत आरामात मावतो. संगणक नसेल तर वर्ग करूच नका. स² − १ = (स − १)(स + १), आणि दोन्ही कंसांचे अवयव वर दिलेच आहेत. ६१ एकटा उरतो आणि बाकी सगळं जोडीने येतं, झाला ताळा.

राहिला शेवटचा प्रश्न, जो मुलांनी विचारला नसला तरी विचारतील: याहून लहान उत्तर नाहीच कशावरून? √६१ चा परंपरित अपूर्णांक काढा (पूर्णांक बाजूला ठेवायचा, उरलेल्याचा व्यस्त घ्यायचा, आणि हेच पुन्हा पुन्हा): ७, मग १, ४, ३, १, २, २, १, ३, ४, १, १४, आणि पुन्हा तेच. आवर्तन ११ पदांचं, विषम. पहिलं आवर्तन संपताना २९७१८/३८०५ मिळतो आणि क्षेप −१ येतो. +१ साठी दुसरं आवर्तन पूर्ण करावं लागतं, आणि +१ देणारा पहिला अपूर्णांक तोच आपला. ६० आणि ६२ लवकर का सुटतात आणि ६१ का नाही, याचंही उत्तर या लांबीत आहे.

हे न करता क = १, २, ३… असं एक्सेलमध्ये ओढत नेऊन ६१क² + १ चं वर्गमूळ पूर्णांक येतं का बघायचं, असा मोह होतो. एका पानावर १०,४८,५७६ ओळी, म्हणजे २१६ पानं लागतील. तेवढ्यावर भागत नाही. क = ४२९१२७९१ ला वर्गमूळ ३३५१५९६१२ असं स्वच्छ पूर्णांक दिसतं आणि खऱ्या उत्तराच्या पाचव्या हिश्श्यालाच ‘सापडलं!’ अशी आरोळी उठते. खरं गणित ३३५१५९६१२² − ६१ × ४२९१२७९१² = ३ आहे, १ नाही; दोनाचा फरक दशांशात बुडतो. पकडायला यंत्र लागत नाही. ४२९१२७९१ च्या वर्गाचा शेवटचा अंक १, त्याला ६१ ने गुणून पुन्हा १, अधिक १ म्हणजे २. आणि पूर्ण वर्गाच्या एककस्थानी २ कधीच येत नाही.